दोघांची नौका, एकेकट्याची पाळी

रात्री एक वाजता नवरा मला उठवतो. दिवा लावत नाही. खांद्याला हात लावून हळूच हाक मारतो. मी उठून लाइफजॅकेट चढवते, त्याच्या पट्ट्याची कडी आधी बाहेरच्या कड्यात अडकवते आणि मगच शिडीवरून सुकाणूपाशी बसायच्या उघड्या कॉकपिटमध्ये पाय ठेवते. मग तो मला पाच गोष्टी सांगतो: आपण कुठे आहोत, वारा कुठून आणि किती आहे, कुठलं शीड किती उघडं आहे, आसपास कोणाचे दिवे दिसताहेत, पुढच्या तीन तासांत काय यायचं आहे. मी त्या पाचही मोठ्याने परत म्हणून दाखवते. तो खाली जाऊन झोपतो. आता पहाटे चारपर्यंत ही अकरा मीटर लांबीची शिडाची नौका, अंदमान समुद्राचा हा काळोख आणि खाली झोपलेला माणूस, सगळं माझ्या हवाली.

जोडप्याने शिडाच्या नौकेतून किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास करायचा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर दोघं शेजारी बसून सूर्यास्त बघताहेत असं चित्र येतं. तशी संध्याकाळही मिळते. पण चोवीस तासांच्या प्रवासात दोघं एकदम जागे असतात ते जेमतेम निम्मा वेळ. उरलेल्या वेळात एक जण झोपलेला असतो आणि दुसरा एकटा असतो. म्हणून दोघांच्या नौकेचा पहिला नियम असा, की ती दोघांपैकी कोणालाही एकट्याने चालवता आली पाहिजे. बाकीचं सगळं शास्त्र या एका नियमाभोवती फिरतं.

आमचा हा प्रवास मलेशियातल्या लंकावी बेटावरून थायलंडमधल्या फुकेत बेटापर्यंतचा. लंकावीच्या पश्चिम टोकाला तेलागा ही मरिना आहे. मरिना म्हणजे नौकांचा वाहनतळच म्हणा: लाटांपासून आडोसा, तरंगते धक्के, वीज, पाणी, डिझेल. फुकेतच्या पूर्व किनाऱ्यावर अशा मरिना चार-पाच आहेत, त्यांतली आओ पो ही आमची. थायलंडमध्ये शिरण्याचे कागद फुकेतच्या दक्षिणेला चलाँगच्या आखातात होतात, त्यामुळे आधी तिथे जायचं. तेलागा ते चलाँग सरळ अंतर सुमारे १२० सागरी मैल. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर, अक्षांशाच्या एका अंशाचा साठावा भाग. तासाला एक सागरी मैल हा वेग म्हणजे एक नॉट. आमच्या नौकेचा भरवशाचा वेग पाच नॉट, म्हणजे सायकलवरून रमतगमत जाणाऱ्या माणसाएवढा. १२० भागिले ५, चोवीस तास. सकाळी नऊला निघालं की दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला, लख्ख उजेडात पोहोचायचं. अनोळखी आखातात अंधारात शिरायचं नाही, हे आधी ठरतं. निघायची वेळ त्यावरून उलटी मोजत काढतात.

वारा आपल्या ओळखीचा

या किनाऱ्यावर नौका फिरतात त्या मुख्यतः नोव्हेंबर अखेरीपासून एप्रिलपर्यंत. कारण मराठी माणसाला चांगलं ओळखीचं आहे, मोसमी वारे. जून ते सप्टेंबर जो नैर्ऋत्य मोसमी वारा कोकणाला झोडपतो, तोच अंदमान समुद्र ओलांडून मलायाच्या द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर आदळतो. कोकणात नारळी पौर्णिमेला नारळ वाहून समुद्र खुला होतो, तसा हा समुद्र वाऱ्याची दिशा फिरल्यावर खुला होतो.

हिवाळ्यात वारा ईशान्येकडून येतो. दक्षिण चीन समुद्रावरून आणि थायलंडच्या आखातावरून येताना तो बाष्प गोळा करतो आणि द्वीपकल्पाच्या पूर्व बाजूला पाऊस पाडतो. मधले डोंगर ओलांडून अंदमान समुद्राकडे उतरतो तेव्हा तो बराचसा कोरडा झालेला असतो. सह्याद्रीच्या पलीकडे देशावर जी पर्जन्यछाया पडते, तिचीच ही उलट्या बाजूची, उलट्या ऋतूची आवृत्ती.

दुसरा फायदा याहून मोठा. लाट उठायला नुसता वारा पुरत नाही, त्याला पाण्यावरून धावायला लांबलचक अंतरही लागतं. नैर्ऋत्येच्या वाऱ्याला मोकळा समुद्र मिळतो, म्हणून पावसाळ्यात लाटा डोंगरासारख्या येतात. ईशान्येचा वारा मात्र जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्याला धावायला थोडंच पाणी मिळतं, त्यामुळे वारा चांगला असूनही समुद्र बऱ्यापैकी सपाट राहतो. शिडाच्या नौकेला याहून अधिक काय हवं!

आता नकाशावर रेघ ओढून बघा. लंकावीहून फुकेत वायव्येला आहे. वारा ईशान्येचा. म्हणजे वारा जवळपास काटकोनात, उजव्या कुशीवर येतो. शिडाच्या नौकेला थेट वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही, तिला नागमोडी वळणं घेत जावं लागतं. वारा पाठीमागून असला तर ती डुचमळते. आडवा वारा सगळ्यांत सुखाचा. फुगलेलं शीड तेव्हा विमानाच्या पंखासारखं काम करतं. त्याच्या दोन बाजूंनी वाहणाऱ्या हवेच्या दाबातल्या फरकामुळे नौका ओढली जाते, आणि तळाखालचा जड कील तिला आडवं घसरू देत नाही. दोन ताकदींच्या कात्रीत सापडलेली नौका मग पुढे सरकते. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की पुढे सुटतो, तसं.

पण वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. दहा नॉटचा वारा वीस झाला तर शिडावरचा दाब दुप्पट होत नाही, चौपट होतो. दिवसा दोघांना मिळून शीड आवरता येतं, रात्री एकट्याला ते झेपत नाही. म्हणून सूर्य मावळायच्या आत, वारा मऊ असला तरी, आम्ही मोठं शीड एका घडीने कमी करतो. त्याने अर्धा नॉट वेग जातो. त्या अर्ध्या नॉटच्या बदल्यात झोपलेल्याला झोप मिळते आणि जागणाऱ्याला धीर.

रात्रीचं गणित

सकाळी मलेशियाचे कागद पुरे केले आणि निघालो. दुपारपर्यंत उजवीकडे तारुताओ, डावीकडे आदांग आणि लिपे ही बेटं मागे पडली. तारुताओवर एके काळी थायलंडचा तुरुंग होता. १९७४ पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. संध्याकाळी शेवटचं बेट धूसर झालं आणि रात्रीच्या पाळ्या सुरू झाल्या: तीन तास जागायचं, तीन तास झोपायचं.

दिवा न लावता उठवायचं कारण डोळा. उजेडातून अंधारात आल्यावर डोळ्याला पुरतं सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात, आणि एक झळक पांढरा उजेड पडला की ती कमाई वाया जाते. म्हणून आत वापरायचा तो लाल, मंद दिवा.

नौका ऑटोपायलटवर चालत असते. माणसाचं काम पहारा देण्याचं. किती वेळाने चौफेर बघायचं, याचंही गणित आहे. कॉकपिटमध्ये बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून सुमारे दोन मीटर उंच असतो. तिथून क्षितिज जेमतेम तीन सागरी मैलांवर. समोरून पंधरा नॉटने येणारं जहाज आणि आपण पाच नॉटने, दोन्ही मिळून वीस नॉट. हे तीन मैल नऊ मिनिटांत संपतात. मोठ्या जहाजाचे उंचावरचे दिवे त्याआधी दिसतात, पण लहान मचव्याचे दिसतील याचा भरवसा नाही. म्हणून चहा घेत असा, तारे बघत असा, दर काही मिनिटांनी उठून पूर्ण गोल फिरून बघायचं.

दिसलेल्या दिव्यांची भाषा ठरलेली आहे. जहाजाच्या डाव्या बाजूला लाल, उजव्या बाजूला हिरवा, मागे पांढरा. मला कोणाचा लाल दिवा दिसतो आहे म्हणजे त्याची डावी कूस माझ्याकडे आहे. टक्कर होणार का, हे ओळखायची युक्ती तर कोणालाही शिकता येईल. डोलकाठीच्या एका तारेशी त्याचा दिवा जुळवून स्वस्थ बसायचं. आपली दिशा तीच असताना दिवा तारेच्या पुढे किंवा मागे सरकत गेला तर तो निघून जाईल. तो तारेलाच चिकटून राहिला आणि मोठा होत गेला, तर टक्कर ठरलेली. आता काहीतरी करायलाच हवं.

मध्यरात्रीनंतर क्षितिजावर हिरवी आभा दिसू लागते. पहिल्यांदा बघणाऱ्याला तिथे शहर आहे असं वाटतं. ती थाई मच्छीमारांची माकूळ धरणारी जहाजं असतात. हिरव्या प्रखर दिव्यांच्या रांगा पाण्यावर टांगून ते माकूळ वर खेचतात. जाळं टाकून बसलेल्या बोटीला शिडाच्या नौकेने वाट द्यायची, असा नियम आहे, आणि तो मनापासून पाळावा. आपण हौसेने आलेलो असतो, ते पोटासाठी.

रात्री एकट्याने कॉकपिट सोडून पुढे जायचं नाही, हा आमच्या घरचा सगळ्यांत कडक नियम. पुढे काही अडकलं असेल तर झोपलेल्याला उठवायचं. पाच नॉटने जाणारी नौका एका मिनिटात दीडशे मीटरच्या वर जाते. दीडशे मीटरवर पाण्यात माणसाचं डोकं म्हणजे तरंगता नारळ, आणि तोही अंधारात. म्हणून दर महिन्याला एकदा आम्ही खरोखरच नारळ पाण्यात टाकतो आणि एकेकट्याने नौका वळवून तो जाळीने उचलतो. आधी त्याची पाळी, मग माझी. पहिल्या वर्षी मला चार फेऱ्या लागायच्या. आता बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत नारळ हाताशी येतो.

गरम पाणी

इथलं पाणी वर्षभर अठ्ठावीस ते तीस अंशांच्या आसपास असतं. थंड समुद्रात पडलेला माणूस गारठून लवकर निकामी होतो, ती भीती इथे कमी. पण गरम पाण्याची स्वतःची किंमत आहे. नौकेच्या तळावर शेवाळ आणि बार्नेकल काही आठवड्यांतच धरतात, आणि खरखरीत तळाची नौका पाच नॉटऐवजी चारने चालते. म्हणजे चोवीस तासांचे तीस तास, पोहोचायची वेळ सकाळी नऊऐवजी दुपारी तीन, आणि सगळं गणित बिघडतं. प्रवासाआधी बुडी मारून तळ खरवडणं हा नियोजनाचाच भाग आहे.

खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र असले की बॅटरी तयार होते आणि त्यांतला एक झिजत जातो. नौका ढकलणाऱ्या पंख्याचा कांस्यधातू वाचवायला त्याच्याजवळ जस्ताचा गोळा लावतात. जस्त स्वतः झिजतं आणि पंखा वाचतो. गरम पाण्यात ही झीज लवकर होते, म्हणून तळ खरवडताना तो गोळाही तपासायचा.

तिसरी झीज माणसाची. दुपारी वाऱ्याची झुळूक लागते, म्हणून घाम कळत नाही. संध्याकाळी डोकं जड होतं, चिडचिड होते, आणि साधी बेरीज चुकते. शरीरातलं पाणी आणि मीठ गेलेलं असतं. थकलेल्या डोक्याने घेतलेला निर्णय समुद्रावर महागात पडतो. आमच्याकडे आमसुलाचं सरबत, चिमूटभर मीठ आणि साखर घालून, दर दोन तासांनी. ते तहान लागली म्हणून प्यायचं नसतं, घड्याळ बघून प्यायचं असतं.

त्या रात्रीच्या शेवटी, पहाटे साडेपाचला, वारा पडला. इंजिन सुरू केलं आणि दहाव्या मिनिटाला ते घरघरत बंद पडलं. पाण्यात रिकाम्या बाटल्यांच्या तरंगांना बांधलेला दोर होता, बहुधा मासेमारीच्या सापळ्याचा, आणि तो पंख्यात गुंडाळला गेला होता. उजाडेपर्यंत आम्ही थांबलो. इंजिनाची चावी काढून ज्याला पाण्यात उतरायचं त्याच्याच गळ्यात अडकवली, म्हणजे तो खाली असताना वरून कोणीही इंजिन चालू करू शकत नाही. नवरा कमरेला दोर बांधून, दातेरी सुरी घेऊन उतरला. पाच बुड्यांत दोर सुटला. तो दोर कापताना आम्हाला वाईट वाटलं, कारण तो कोणाचा तरी रोजगार होता. तेव्हापासून अंधारात किनाऱ्याजवळ इंजिन लावायचंच नाही, पहाट होईपर्यंत शिडावर हळूहळू तरंगायचं, असं ठरवलं.

नांगर, भरती आणि धक्का

या खोळंब्यामुळे चलाँगला नऊऐवजी अकरा वाजता पोहोचलो. डोलकाठीवर पिवळं निशाण चढवलेलं होतं. ‘आम्ही बाहेरून आलो आहोत, अजून तपासणी व्हायची आहे’ असा त्याचा अर्थ. घड्याळ एक तास मागे घेतलं, कारण थायलंडची वेळ मलेशियाच्या एक तास मागे आहे. हे विसरलं तर भरतीचं कोष्टक तासाभराने चुकीचं वाचलं जातं, आणि उथळ आखातात तासाभरात पाणी बरंच खाली जातं.

कोकणात भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते, हे त्या हिशेबाचं मर्म. फुकेतलाही दिवसात दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीला भांग, म्हणजे कमी चढउतार. फक्त प्रत्येक बंदराची वेळ त्याच्या आखाताच्या आकारावर ठरते, म्हणून पाऊणपटीचं सूत्र तिथे नेऊन चालत नाही. तिथलं कोष्टकच बघावं लागतं. उधाणाला पाणी अडीच-तीन मीटर चढतं.

नांगराची साखळी यावरच मोजायची. खोली दाखवणाऱ्या यंत्रावर ओहोटीला पाच मीटर आले. भरतीला आणखी तीन मीटर चढणार. नौकेचं नाक पाण्यापासून एक मीटर उंच. एकूण नऊ. नांगर नीट रुतायचा तर त्याच्यावरची ओढ जमिनीलगत आडवी हवी, वर उचलणारी नको. त्यासाठी साखळी या नऊ मीटरांच्या किमान पाचपट लागते, म्हणजे पंचेचाळीस मीटर. पाचाची पाचपट पंचवीस मीटर सोडून निवांत झोपलं, तर भरतीला तीच साखळी त्या नऊ मीटरांच्या तिप्पटही उरत नाही आणि नांगर घसरतो.

नांगर टाकताना बहुतेक नौकांवर पुरुष सुकाणूवर आणि बाई पुढे साखळीशी असते. आम्ही उलटं करतो. साखळी अडकली तर ताकद लागते, ते काम त्याचं. सुकाणूला जोर लागत नाही, नजर लागते, ते माझं. इंजिनाच्या आवाजात ओरडणं ऐकू जात नाही, म्हणून हातांच्या चार खुणा ठरवल्या आहेत. पण महिन्यातून एकदा जागा बदलून हेच काम करायचं, हेही ठरलेलं आहे. ज्या दिवशी एकाला ताप येईल, त्या दिवशी दुसऱ्याला ‘ते मला येत नाही’ असं म्हणून चालणार नाही.

कागद झाले, पिवळं निशाण उतरवून थायलंडचं निशाण चढवलं, आणि दुसऱ्या दिवशी पूर्व किनाऱ्याने वीसेक मैल वर आओ पोला गेलो. वाटेत लांब शेपटीच्या थाई होड्या दिसत होत्या. शेपटी म्हणजे लांब दांड्यावरचा पंखा, आणि दांड्याच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक वेळा मोटारीचं इंजिन. प्रत्येक होडीच्या नाळेला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा गुंडाळलेल्या. होडीचं रक्षण करणारी देवी तिथे राहते अशी त्यांची श्रद्धा. आपल्या कोळ्यांच्या होडीलाही पूजेच्या दिवशी अशीच नाळेवर हळदकुंकू आणि माळ असते. मी नकळत हात जोडले.

मरिनातला धक्का तरंगता असतो. तो खांबांच्या आधाराने भरतीबरोबर वर-खाली होतो, त्यामुळे दोर सारखे सैल-घट्ट करावे लागत नाहीत. अवघड असतात शेवटचे तीस मीटर. वेग कमी झाला की सुकाणूला पाणी धरत नाही, आणि इंजिन मागे घातलं की पंखा नौकेची शेपूट एका बाजूला ओढतो. चार खलाशी असले तर चार दोर एकदम टाकता येतात. दोघांना एकच दोर पुरतो, तो मधला. नौकेच्या पोटापासून निघालेला हा दोर धक्क्यावरच्या खुंटीला अडकवायचा आणि इंजिन हलकेच पुढे चालू ठेवायचं. नौका त्या एका दोरावर ताणून धक्क्याला चिकटून उभी राहते. बाकीचे दोर मग सावकाश बांधता येतात. धक्क्यावर उडी मात्र मारायची नाही. पाय टाकता येईल एवढी नौका जवळ आली नसेल, तर वळून पुन्हा यायचं.

दोघांनीच नौका चालवण्याचं मोठं उदाहरण आपल्या नौदलाचं. २ ऑक्टोबर २०२४ रोजी भारतीय नौदलाच्या लेफ्टनंट कमांडर दिलना के. आणि रूपा ए. या दोघी गोव्याहून, गोव्यातच बांधलेल्या ‘तारिणी’ या छप्पन्न फुटी शिडाच्या नौकेतून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २९ मे २०२५ रोजी गोव्याला परतल्या. आमच्या एका रात्रीची त्यांच्या जवळपास आठ महिन्यांशी तुलना होऊ शकत नाही. पण दोघींपैकी एक झोपली की दुसरीच्या वाट्याला अख्खी नौका आणि अख्खा समुद्र येतो, हे त्यांच्या नौकेवरही तसंच असतं. ज्याच्यावर आपण झोपेत असताना जीव सोपवतो, त्याला आपल्याइतकंच सगळं शिकवायचं आणि त्याच्याकडून सगळं शिकायचं. माणसांवरचा विश्वास मला इतका स्पष्ट, इतका मोजता येण्यासारखा दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

आओ पोला मधला दोर बांधला, मग पुढचा, मग मागचा. इंजिन बंद केलं. संध्याकाळी भात-आमटी केली. रात्री नऊ वाजता, तीन दिवसांत पहिल्यांदाच, आम्ही दोघं एकाच वेळी झोपलो.